विनूला उचलणारे गुडघे

प्रिय आई,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण गुडघ्यांची परवानगी नाही. उभ्यानेच स्वीकार.

प्रथम तक्रार. पोह्यांचा डबा सर्वांत खालच्या फळीवर ठेवावा, हे कोणत्या स्मृतीत लिहिलं आहे? तू गेलीस, तरी तुझी सून सुनंदा तो हलवू देत नाही. "आईंची जागा आहे ती," म्हणते. आज सकाळी त्या डब्यासाठी वाकलो आणि तिथेच अडकलो. खाटेवरून तुझा विनू खदखदून हसला. "दादा, आता तुला कोण उचलणार?"

जन्मापासून त्याचे पाय हलले नाहीत, पण जीभ थेट तुझी! त्या प्रश्नापायीच लिहायला बसलो.

तू शिकवलंस तसंच अजून उचलतो त्याला. त्याचे हात माझ्या गळ्यात, माझा गुडघा त्याच्या गुडघ्याला टेकलेला, आणि एका झोक्यात खाटेवरून खुर्चीत. तू ठेंगणी, तरी किती सहज करायचीस! दुखायचं का गं तुला? कधी बोलली नाहीस. न बोलून आम्हाला फार चुकीचं शिकवलंस.

मागच्या आठवड्यात न्हाणीघरात माझा गुडघा दुमडला. दोघेही खाली. लागलं नाही, पण सुनंदाची पाठ धरलेली, म्हणून तुझी नात मुग्धा हिंजवडीच्या ऑफिसातून येईपर्यंत आम्ही बंधू ओल्या फरशीवर बसून होतो. विनू म्हणाला, "गार आहे, नाही?"

मुग्धाने मग मला कोथरूडच्या एका चकचकीत केंद्रात नेलं. स्टेम सेल! टायवाल्या डॉक्टरांनी समजावलं, की कमरेच्या हाडातला मगज काढायचा, गाळायचा आणि सुईने गुडघ्यात सोडायचा. "टाका नाही काका, मुक्काम नाही. संध्याकाळी घरी."

"झिजलेली कूर्चा, ती सांध्यातली गादी, पुन्हा उगवते?"

"पेशंट्सना छान फरक वाटतो."

"उगवते का, एवढंच विचारलं."

"बाबा!" मुग्धाने कोपर मारलं.

हा झाला पूर्वपक्ष. उत्तरपक्षासाठी कसब्यातल्या आपल्या जुन्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे उजेडाकडे धरला. "कुणाकुणाला काही दिवस आराम पडतो, नाही म्हणत नाही. पण तुमच्यात कूर्चा उरलीय कुठे? ती नव्याने उगवल्याचा भक्कम पुरावा मी तरी पाहिलेला नाही. सांधा बदला."

"मग भावाला कधीपासून उचलू?"

त्यांनी चष्मा काढला. "अहो, आता उचलणं बंद. सुई घ्या, नाहीतर सांधा बदला. बंद म्हणजे बंद."

आई, मी न्यायशास्त्र शिकलेला माणूस. तरी घरी येताना रिक्षात त्या सुईचीच बाजू मनात मांडत होतो. ज्याला गरज असते त्याला हेत्वाभास, युक्तिवादातली खोट, दिसत नाही. थकलोय गं.

मुग्धाला कंपनी दोन वर्षं परदेशी पाठवतेय. काल सहज म्हणाली, "मी कंपनीला नाही म्हणून कळवते. विनूकाकाला मी उचलेन, त्यात काय?" आणि लगेच विनूचे हात तिने गळ्यात घेतलेही. तुझीच पद्धत. कुणी शिकवली नव्हती, बघून बघून शिकली.

"विनूला परका हात लागायचा नाही," हा तुझा दंडक मी आजवर पाळला. आता मोडतो. सोमवारपासून एक माणूस येणार आहे. त्याला सगळं मी स्वतः दाखवीन, विनूचा विश्वास बसेपर्यंत शेजारी उभा राहीन, आणि मगच सांधा बदलून घेईन. हे वचन. रुसायचं तर रूस.

सुरीची भीती नाही मला. तू मला न विचारता विनूला माझ्या ओटीत घातलंस, मी कधी नाही म्हणालो नाही. मुग्धाही नाही म्हणणार नाही. तिला न विचारताच मी तिच्या ओटीत त्याला घालून जाईन, याचीच भीती वाटते.

तुझा,
माधव