दोन घरांत बांधलेलं जहाज

रत्नागिरी,
ता. ४ फेब्रुवारी १९३४

ती. दादास यमूचा साष्टांग नमस्कार.

तुझा खोकला गेला का? वहिनींनी पाठवलेली गुळाची ढेप मोटारवाल्याने सुखरूप आणून दिली. शाळेतल्या सगळ्या बायकांना वाटूनही इतका गूळ उरला आहे की गोदूबाई रोज काही ना काही गोड करते आणि मी रोज नको म्हणत खाते. एकंदरीत माझी प्रकृती उत्तम आहे.

एक नवीन उद्योग काढला आहे. हसू नकोस. मी लढाऊ जहाज बांधते आहे.

गेल्या महिन्यात मिऱ्याच्या डोंगराबाहेर एक क्रूझर दोन दिवस नांगरून होती. राखाडी रंग, तीन धुरांडी, पुढे-मागे तोफा. सारं गाव भगवतीच्या किल्ल्यावर चढलं. मीही माझ्या सहावीच्या मुली घेऊन गेले. तिथे एकीने विचारलं, "बाई, माझी सुई पाण्यात पडली की तळाला जाते. मग ही एवढी लोखंडाची कशी तरंगते?" दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर आकृती काढून चांगलं तासभर समजावलं. मुलींनी माना डोलावल्या, पण त्या डोलावण्यात पाहुण्याने नावडत्या भाजीला छान म्हणावं तसा सूर होता. पटलं नव्हतं. खरं सांगायचं तर, शिकवताना मलाही ते हवं तसं दिसत नव्हतं. तेव्हा ठरवलं, शाळेच्या प्रदर्शनासाठी हेच जहाज हुबेहूब करायचं, आतून पोकळ, आणि पाण्यावर सोडून दाखवायचं.

प्रमाण एका फुटाला अर्धं सूत, इंचाचा सोळावा भाग, म्हणजे जहाज वारभराहून थोडं लांब होईल. शिवणीच्या लाकडाच्या फळ्या मधून कोरून एकावर एक सरसाने चिकटवायच्या आणि मग बाहेरून तासायच्या. नकाशा एका विलायती मासिकातला मिळाला. तो मोठा करून द्यायला आणि लाकूडकामाला गावातले एक गृहस्थ मदत करणार आहेत.

आता मनात सलतं ते. तू दोनदा तुरुंगात जाऊन आलास आणि तुझी बहीण इंग्रजांची लढाऊ बोट हौसेने करते. हे मी स्वतःला बरेच दिवस विचारते आहे. उत्तर असं मिळतं, की मी तरंगण्याचा नियम शिकवते आहे आणि तो इंग्रजांच्या मालकीचा नाही. पण हे उत्तर इतक्या चटकन मिळालं की त्याचा थोडा संशय येतो. खरं म्हणजे ते जहाज मला देखणं वाटलं. तुला काय वाटतं ते कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी
यमू


रत्नागिरी,
ता. २६ ऑगस्ट १९३४

ती. दादास सप्रेम नमस्कार.

परवा नारळी पौर्णिमा झाली. समुद्र अजून कुरकुरतोच आहे, पण मांडवीवर गर्दी खूप होती. तुमच्याकडे पंचगंगेला पूर येऊन गेल्याचं वाचलं. घर उंचावर आहे म्हणून काळजी केली नाही; तरी खुशाली कळव.

"जहाज कर, पण तोफा वगळ," असं तू लिहिलंस. मी प्रामाणिकपणे विचार केला. पण तोफा काढल्या की ती क्रूझर राहत नाही, नुसती श्रीमंत माणसाची फेरीबोट होते. तेव्हा तोफा केल्या. मोडक्या छत्र्यांच्या काड्यांच्या. या गावात मोडक्या छत्र्यांना तोटा नाही. तुझ्या समाधानासाठी सांगते, एकीतूनही बार निघत नाही.

आता गंमत ऐक. मागे लिहिलेले गृहस्थ म्हणजे महिपतराव शिवलकर. मुंबईच्या गोदीत ड्रॉइंग ऑफिसात होते, आता निवृत्त होऊन मांडवीला आपल्या घरी राहतात. जातीने भंडारी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलती मुलगी अंजनवेलला दिली आहे. आवाज मोठा, बोलणं त्याहून मोठं. चहा बशीत ओतून पितात. इतकी माहिती तू विचारली नव्हतीस, ओघात लिहिली.

ते एकटे, मी अशी. एका घरात बसून काम करणं शोभलं नसतं. म्हणून नकाशाच्या दोन प्रती केल्या. जहाजाचं अंग त्यांनी मांडवीला करायचं आणि वरचं डेक, धुरांडी, कप्तानाचा पूल, होड्या, तोफा असं सगळं मी वर माझ्या घरी. ने-आण गोदूबाईने करायची. फेब्रुवारीपासून ती बिचारी टोपलीत कधी डोलकाठी, कधी शिडी, कधी चिठ्ठी घेऊन उतारावरून खाली जाते आणि चढावरून वर येते. चिठ्ठ्या कामाच्याच असत. "हेडमिस्ट्रेसबाई, आपली तिसरी होडी पाहिली. हिच्यात खलाशी बसवायचे की पापड वाळवायचे?" अशा भाषेत, पण कामाच्याच.

मागच्या आठवड्यात अंग पुरं झालं. महिपतरावांनी ते कापडात गुंडाळून शाळेत आणलं. मी माझं डेक त्यावर ठेवलं. अर्धा इंच आखूड! पुढून जुळवलं की मागे फट, मागून जुळवलं की नाकाशी.

"अर्धा इंच म्हणजे आठ फूट," महिपतराव म्हणाले. "तुमच्या डेकवरून चालत गेलेला खलाशी थेट खाडीत."

"माझं डेक नकाशाबरहुकूम आहे. तुमचं जहाजच सुजलंय."

"सुजायला ते काय गालगुंड झालेलं पोर आहे?"

बराच वेळ असे भांडलो. शेवटी दोन्ही नकाशे एकावर एक ठेवले, तेव्हा कळलं. त्यांची प्रत समुद्रकाठच्या दमट घरात पावसाळाभर भिंतीला टांगलेली. कागद ताणला होता. माझी प्रत मी नीटनेटकेपणाने रोज चुलीवरच्या फळीवर ठेवत होते. तो कागद आक्रसला होता. दोघांनीही आपापल्या कागदाशी इमान राखलं, आणि दोघंही चुकलो.

गोदूबाई टोपली घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "बाई, होडी कदी दोन घरात बांधलेली बघितलाव? माजं पाय मोडलं, पण तुमचं जहाज काय फुडं जाईना."

तिचं खरं होतं. आता शनिवारी दुपारी शाळेच्या पुढच्या पडवीत बसून काम करतो. रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला स्पष्ट दिसेल अशी जागा मुद्दाम निवडली आहे. नवं डेक करते आहे.

एक अडचण होती. डोलकाठीच्या ताणतारा आणि बिनतारी संदेशाच्या तारा. शिवणाचा बारीकात बारीक दोराही प्रमाणात धरला तर दोरखंडासारखा दिसे. त्यावर योग्य असं काही सापडलं आहे. काय ते पुढे कधी लिहीन.

तुझ्या पत्राची वाट पाहते. मोठं पत्र लिही.

तुझी
यमू


रत्नागिरी,
ता. २० नोव्हेंबर १९३४

ती. दादा,

भाऊबीजेला आले नाही, याचा तुला राग आला असेल. प्रकृतीचं कारण लिहिलं होतं. प्रकृती ठणठणीत आहे. तुझ्यासमोर ताट धरून बसले असते तर बोलावं लागलं असतं, आणि माझी तयारी नव्हती. आता आहे. निदान लिहिण्याची तरी.

आधी जहाजाचं सांगते, कारण ते सोपं आहे. जहाज पुरं झालं. दिवाळीच्या आधी प्रदर्शन झालं. पटांगणात मोठं घंगाळ ठेवून त्यात सोडलं. थोडं डावीकडे कललं. आत शिशाचा एक तुकडा सरकवल्यावर सरळ उभं राहिलं. ती सुईवाली मुलगी घंगाळाच्या काठाला नाक लावून बसली होती. म्हणाली, "बाई, म्हणजे आतल्या रिकाम्या जागेनेच ते तरतंय!" तासभर फळ्यावर लिहून मला जे साधलं नव्हतं ते असं झालं.

पण हे जहाज दसऱ्याआधीच पुरं व्हायचं. ते का झालं नाही, हे सांगायला हवं.

एका शनिवारी शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष पडवीसमोर थांबले आणि हसत म्हणाले, "काय यमुनाबाई, हे जहाज संपणार तरी कधी?" मी म्हणाले, "शिड्या नीट उतरल्या नाहीत, पुन्हा करते आहे." घरी आल्यावर रोजनिशी उघडली आणि लिहिताच येईना. कारण शिड्या अगदी नीट उतरल्या होत्या. शुक्रवारी मीच त्या कानसीने घासून बिघडवल्या होत्या. दादा, मी! मुलींनी पाटी पुसून उत्तर बदललं तर मी त्यांना उभं करते.

पुढच्या शनिवारी पाहते तो महिपतरावांनी चांगल्या बसलेल्या दोन होड्या उपटून ठेवलेल्या. म्हणाले, "सरस धरला नाही." मी पाहिलं, सरस लाकडाचा कपचा घेऊन निघाला होता. इतका धरलेला सरस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. दोघांनी मुकाट्याने होड्या पुन्हा बसवल्या.

आणि त्या तारा. त्या माझ्या केसांच्या आहेत. डोलकाठीच्या ताणांना काळे आणि बिनतारीच्या तारांना पांढरे. पांढऱ्यांचा पुरवठा आता भरपूर आहे. पहिल्यांदा नुसतंच "हे चालेल का पाहा" म्हणून पुडीत बांधून दिले. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि भिंग खाली ठेवून पुडी पुन्हा नीट बांधली. मग हळूच म्हणाले, "हे कुणी वाचवले?" आपल्याकडच्या विधवांचं काय करतात हे त्यांना माहीत होतं. मी म्हणाले, "माझ्या भावाने."

तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. न्हावी ओटीवर येऊन बसलेला, मी चौदा वर्षांची आत कोपऱ्यात, आणि तू कॉलेजातून आलेला, दारात आडवा बसलेला. आप्पांना म्हणालास, "हिची जबाबदारी माझी. मी हिला शिकवीन. हिच्यामुळे तुमची मान कधी खाली जाणार नाही, हा माझा शब्द." न्हावी गेला. आप्पा त्या शब्दावर विसंबून राहिले आणि त्यावरच गेले. माझे केस, माझी बी. ए.ची पदवी, ही शाळा, सगळं तुझ्या त्या एका शब्दावर उभं आहे.

म्हणून हे पत्र जड जातं.

शेवटचा हात रंगाचा होता. राखाडी रंग वाळत ठेवला आणि महिपतराव हात पुसत म्हणाले, "बाई, जहाज तर संपलं. आता दुसरं काढायचं, की खरं बोलायचं?"

मी म्हणाले, "दुसरं काढलं तर लाकूड फुकट जाईल."

"मग?"

"मग खरं बोला."

ते बोलले. मी विचार करायला आठवडा मागितला. ते म्हणाले, "आठवडा? तुम्ही? मला वाटलं सहामाही परीक्षेपर्यंत लागेल." मी तीन दिवसांत हो म्हणाले. त्रेचाळीस वर्षांच्या बाईला तीन दिवस पुरे झाले, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

दादा, हे पत्र मी चार वेळा फाडलं. प्रत्येक वेळी परवानगी मागत होते आणि ते खोटं वाटत होतं. तू नाही म्हणालास तरी मी हे करणार आहे. तसं असताना परवानगी मागणं म्हणजे लबाडी. तेव्हा मागत नाही. तुझा शब्द मी मोडते आहे का, एवढंच विचारते. मला वाटतं, मान खाली जावी असं यात काही नाही. ते भंडारी आहेत हे खरं. मी विधवा आहे हे खरं. दोघांनाही चष्मा लागतो हेही खरं. पण ही माझी समजूत झाली. शब्द तुझा होता, त्याचा अर्थ तू लावायचा. तू इतकी वर्षं सभांमधून बोलतोस तेच मी करते आहे, असं लिहून तुला पेचात पकडता आलं असतं. तेही एका कागदावर लिहिलं होतं. तो सगळ्यांत आधी फाडला.

नोकरीचं म्हणशील तर कमिटी म्हणते, मार्चपर्यंत राहा, पुढचं पुढे पाहू. गावात दोन-तीन घरांनी बोलणं टाकलं आहे. शाळेतल्या बायका मात्र येऊन जातात आणि पाटल्या कशा घडवायच्या यावर माझ्यादेखत वाद घालतात. गोदूबाईने सगळ्या आळीला सांगून टाकलंय, "मी सात म्हैने ह्यांची टोपली वाहिली, मला पयल्या दिसापासून म्हाईत." पहिल्या दिवशी मला माहीत नव्हतं, तर हिला कसं, ते तिलाच ठाऊक.

रजिस्टर पद्धतीने लग्न आहे. २२ डिसेंबर, शनिवार. कोल्हापूरची मोटार दुपारी पोचते, म्हणून चारची वेळ मागून घेतली. तीन साक्षीदार लागतात. एक महिपतरावांचे जावई, दुसऱ्या आमच्या शाळेच्या मथुराबाई. तिसऱ्याची जागा चारपर्यंत रिकामी राहील. मोटार आली नाही तर शाळेचा शिपाई सदू अंगठा उठवील. त्याने कोट धुऊन ठेवला आहे आणि रोज सकाळी विचारतो, "बाई, तुमचं भाऊ येतील ना? मला सायबाच्या फुडं उभं ऱ्हायाला भ्या वाटतं."

मी त्याला 'येतील' म्हणून सांगते. सांगताना आवाज जरा कापतो, पण सांगते.

वहिनींना घेऊन ये. घाटात थंडी असते, मफलर घाल.

मोटारीच्या रस्त्याकडे डोळे लावून बसलेली, आणि चार वाजता सही करणारी,

तुझी
यमू