पिवळ्या काठीवरचं नाव

सिटका, २ जून १९९३

प्रिय आई,
तुला आणि बाबांना नमस्कार. होडी छोटी आहे, पण गळत नाही. मी वेळेवर जेवतो. बाबांचा गुडघा कसा आहे?

काल ओडवार म्हाताऱ्याच्या दुकानात गळासाठी कोरी काठी निवडायला गेलो. मी काळी, ताठ काठी उचलली, तर त्याने ती काढून घेतली आणि माळ्यावरची जुनी पिवळी पुढे केली. म्हणे, "छोट्या होडीमागे गळ ओढत सॅल्मन धरायचा तर काठी मऊच हवी. मासा लागला की सैल दोरी ती आपणच खेचून घेते. ताठ घेशील तर बसशील बोंबलत!"

मला वाटलं, पडून राहिलेला माल माथी मारतोय. त्यात पैसे घेईना, तेव्हा तर काठी टाकाऊ असल्याचा संशय पक्काच झाला. वर चौकशी कसली, तर "आई अजून गाते का रे?"

काठी ज्याच्यासाठी राखून ठेवतात त्याचं नाव इथे तिच्या जाड टोकावर लिहितात. खोलीवर येऊन धूळ पुसली, तर तिथे 'सिग्ने हाउगेन, १९६१'. तुझं नाव, तेही माहेरच्या आडनावासकट.

आई, तू तर म्हणतेस की सिटका कधी पाहिलं नाही आणि होडीत कधी पाय ठेवला नाही. मग मी निघताना "काठी मऊच घे हो" असं का म्हणालीस?

उत्तर लिही. पण टपालात टाकायला बाबांकडे देऊ नकोस.

तुझा,
तोरवाल्ड