मामाच्या खोड्या, भाचीच्या चाचण्या

मुलुंड, ४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सुगंधा हिस, ज्येष्ठ बंधूचे उदंड आशीर्वाद. तुझ्या कन्येस मात्र तूर्त अर्धेच.

कारण सविस्तर कळवितो. वृत्तपत्रे-मासिके आपली संकेतस्थळे ज्यावर चालवतात, ते सॉफ्टवेअर आमचे अंधेरीचे कार्यालय घडविते. नवी आवृत्ती ग्राहकांकडे जाण्यापूर्वी अकरा वर्षे मीच ती स्वहस्ते तपासली. लेख चढवावा, छायाचित्र जोडावे, प्रकाशित करून मोबाईलवर पाहावे. जाऊ द्या, असे मी म्हणेपर्यंत साक्षात साहेबही चहाला स्पर्श करीत नसत.

तुझ्या दिशाला येथे मीच शब्द टाकून चिकटविले. तिने माझे समग्र कर्मकांड संगणकास शिकविले! आता कळ दाबताच चाचण्या आपोआप धावतात, पडद्यावर हिरव्या खुणा उमटतात आणि कार्यालय टाळ्या पिटते. मजसाठी कोणी चुटकीही वाजविली नव्हती. अंतिम अनुमती यापुढे माझी की यंत्राची, हे साहेब महिनाअखेरीस ठरविणार आहेत.

मला मत्सर वाटतो, असा अपसमज नसावा. ते यंत्र तोंडघशी पडलेले पाहावे, एवढीच सात्त्विक इच्छा आहे.

लोभ उरला असल्यास इकडे पाठवावा.
मार्तंड

बोरिवली, ९ फेब्रुवारी

ती. स्व. दादास, वाकून नमस्कार.

फोन असताना पोस्टमनला पळवणारा तूच एक राहिलायस. सरळ सांग ना, भाचीवर जळतोस! शाळेत मला वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं तेव्हा तू रुसून जेवला नव्हतास. आईच्या आंबोळ्या मात्र चोरून चापल्यास.

अरे, ती घरी तुझंच पुराण लावते. परवा ह्यांनी वैतागून टीव्हीचा आवाज वाढवला. आणि तुला म्हणून सांगते, तिच्या त्या टाळ्यांचं ऐकलं की मलाही हेवा वाटतो. लग्नानंतर मी नोकरी सोडली, मला कोण टाळ्या वाजवणार? तेव्हा जळायचंच असेल तर रांगेत ये. मी पुढे आहे.

वहिनीला विचारलंय म्हणून सांग. माया असू दे.
सुगंधा

मुलुंड, २१ फेब्रुवारी

चि. सौ. सुगंधा हिस, आशीर्वाद, किंचित खजील.

मी सॉफ्टवेअरच्या सरावाच्या प्रतीत गुप्तपणे दोष पेरू लागलो. दोन छायाचित्रांस एकच नाव दिले; वाढदिवसाच्या शुभेच्छांवर श्रद्धांजलीचा चेहरा झळकला आणि यंत्राने निर्विकारपणे हिरवी खूण केली. मी विजयी मुद्रेने दिशाला पाचारण केले. मामा, भारीच, असे उद्गारून तिने त्याच दुपारी त्यावर नवी चाचणी लिहिली. मग मी मथळा इतका लांबविला की मोबाईलवर खालचे बटण झाकले गेले. तीही चाचणी जमा. ज्या मल्लास चीत करावयाचे, त्यालाच मी नित्य खुराक देत होतो! आता तो माझ्याहून बलवान आहे. टाळ्या अर्थातच तिला.

जमल्यास ममत्व राखावे.
मार्तंड

बोरिवली, २६ फेब्रुवारी

ती. स्व. दादास, नमस्कार.

वाट लागली रे माझी! दिशा सगळ्यांना सांगत सुटलीय की मामा मुद्दाम खोड्या काढून मला शिकवतो. खरं काय ते मला ठाऊक, म्हणून तुझी पत्रं मी कपाटात लपवली. काल साहेबांनी तिला चाचण्यांची प्रमुख केलं. तिने तिथेच सांगितलं, की लिहायला ती एकटी पुरेल, पण मोडायचं कसं हे मामाशिवाय कुणाला सुचत नाही. तो नसेल तर हे काम नको. आता तरी जळणं सोड, बाबा.

तुझीच,
सुगंधा

मुलुंड, ३ मार्च

चि. सौ. सुगंधा हिस, आशीर्वाद. दिशालाही, पूर्ण मापाने.

अंतिम अनुमती यंत्राकडे गेली. साहेबांनी आज माझी वाट न पाहता चहा घेतला. मजकडे नवे पद आले आहे: प्रत्येक आवृत्तीत जितके दुष्ट दोष सुचतील तितके निर्माण करणे. प्रमुख माझी भाची. सकाळी तिने माझी खुर्ची ओढून आपल्या शेजारी घेतली आणि आज काय मोडायचे, असे विचारले. मला तत्काळ सात कल्पना सुचल्या.

मत्सर सोडावा, असे तू लिहितेस. क्षमस्व. या महिन्यापासून कार्यालय मला त्याचेच वेतन देणार आहे.

तुझा,
मार्तंड