इंजिनाची रजई

जुन्नर,
मंगळवार, १३ जानेवारी

आदरणीय तालिबभाई यांस,

अन्सारचा जुन्नरहून सलाम. तुम्ही, भाभी आणि नुमान खुशाल असाल अशी उमेद करतो. इकडे तुमची बहीण रूही ठीक आहे. अम्मीही ठीक आहेत, फक्त थंडी पडल्यापासून त्यांचे गुडघे त्यांचं ऐकत नाहीत. मी ठीक नाही, पण ते कोणी विचारलेलं नाही, म्हणून आधी गाडीबद्दल लिहितो.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकतो. तुम्ही चाकणला मोटारींच्या कारखान्यात पंचवीस वर्षं इंजिनं तपासलीत आणि मी जुन्नरच्या बाजारात गाद्या भरतो, तेव्हा हे रीतीलाच धरून आहे. पण कागद मधेच तोडता येत नाही, म्हणून लिहितो. (मराठीत लिहितोय, माफी असावी. माझं उर्दू अक्षर पाहून तुम्ही एकदा विचारलं होतं की कागदावर मुंग्या चालल्यात का.)

तुमचा निरोप मिळाला. तुमच्या हातात गाडी लिटरला अठरा देत होती, माझ्या हातात अकरा देते, म्हणजे माझ्या हातात दोष आहे, आणि म्हणून पंचवीस तारखेच्या रविवारी येऊन तुम्ही ती परत नेणार. अकराचा आकडा तुम्हाला मीच कळवला होता. टाकी काठोकाठ भरायची, आठवडा चालवायची, पुन्हा काठोकाठ भरायची आणि भागाकार करायचा, ही रीतही तुमचीच. नोव्हेंबरात सतरा आलं. डिसेंबर लागला आणि चौदा. मग बारा. मग अकरा. प्रामाणिकपणा माणसाला कुठं नेतो ते मला आता समजलं आहे.

गाडी माझी नाही, हे मी कधीच विसरलो नाही. तुम्ही ती अम्मींसाठी ठेवलीत. दर गुरुवारी मी त्यांना शिनोलीला नेतो, कुशाबाईंकडे. या दोघी साठ वर्षांपूर्वी जुन्नरला एका भिंतीच्या दोन बाजूंना वाढल्या. कुशाबाई लग्न होऊन शिनोलीला गेल्या, आणि मधली चाळीस वर्षं दोघींची भेट फक्त कुणाच्या लग्नात नाहीतर मयतीत. आता गुरुवारी दोघी ओट्यावर शेंगा फोडत बसतात, आपापल्या जावयांची निंदा करतात (मी दहा पावलांवर असतो), आणि परत येताना अम्मी आठ दिवस पुरेल इतक्या आनंदात असतात. एसटीनं दोनदा गाडी बदलावी लागते. एसटीची उंच पायरी त्यांच्यानं आता चढवत नाही. गाडी गेली की गुरुवार गेला. हे तुम्हाला कळत नाही असं नाही. पण तुमच्या निरोपात पेट्रोल आहे, अम्मी नाहीत.

दोष थंडीचा आहे, हे मी पहिल्यापासून म्हणत आलो. पहाटे फोनवर आठ अंश दिसतात. वडजच्या बाजूनं वारा येतो तो थेट अंगणात, गाडीच्या तोंडावर. तुम्ही म्हणालात, थंडीनं एखाद-दोन किलोमीटर जातील, सात कसे जातील. बरोबर असेल. पण मी बघतो ते असं: ऑइल काकवीसारखं घट्ट झालेलं असतं, बॅटरी खोकते, टायरातली हवा न गळता कमी होते (हवावाला म्हणतो, थंडीत हवा आखडते, तो शिकलेला नाही, पण तुम्हीही हेच सांगितलं होतं), आणि इंजिन गार असेपर्यंत दुप्पट पेट्रोल पितं. आमचं घर ते दुकान दोन किलोमीटर. म्हणजे ते जरा गरम होतंय तोवर मी त्याला बंद करतो. रोज. अर्ध्या झोपेत उठवून पुन्हा झोपवलेल्या माणसासारखी त्याची गत आहे. तुम्हीच सांगा, असा माणूस अठरा देईल का.

मी सल्ला घेतला. इथं थंडीचा सगळ्यात मोठा जाणकार म्हणजे पिंपरी पेंढारचा सोपान. त्याची द्राक्षबाग आहे. पारा उतरला की द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून तो पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो आणि ठिबक चालू करतो, मुळांना ऊब राहावी म्हणून. तो गाद्या न्यायला आला होता. माझी कहाणी ऐकून त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाला, "अन्सारभाऊ, हिला धूर द्यावा लागंल. चार कोपऱ्याला चार शेकोट्या करा. आन पानी सोडा." मी म्हटलं, पेट्रोलच्या गाडीला शेकोटी? तो म्हणाला, "मंग पांघरून घाला. तुमचा तर धंदाच हाय, राव." आणि गाद्या टेम्पोत टाकून निघून गेला. माझ्या आयुष्यातली बरीचशी संकटं अशी टेम्पोत बसून निघून गेलेल्या माणसांनी सुरू केलेली आहेत.

तालिबभाई, मी इंजिनाला रजई शिवली. आधी बॉनेटचं माप घेतलं, कापडाच्या टेपनं, वाकून. चार किलो कापूस पिंजला. खोळ जाड मांजरपाटाची, वरून मरून सॅटिन, कारण दुकानात तेच उरलं होतं. दाभणानं चौकडीचे टाके घातले, म्हणजे कापूस एका बाजूला सरकत नाही. पुढच्या अंगाला एक पदर सोडला, तो जाळीवरून खाली येतो, कारण वारा तिथूनच आत शिरतो. नवरदेवाच्या गादीलासुद्धा मी इतके टाके घालत नाही. गल्लीतली माणसं बघायला आली. अम्मींनी सॅटिनवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अन्सारमियाँ, माझ्या निकाहला आपल्याकडं असली रजई नव्हती." रूहीनं फक्त आमच्या अंथरुणातल्या फाटक्या चादरीकडे एकदा पाहिलं.

आणि गुण आला! हे तुम्हाला मुद्दाम सांगतो. मी पहाटे फजरची नमाज पढून, सोबत्यांबरोबर चहा पिऊन साडेसातला घरी येतो. रजईखाली हात घातला की बॉनेट कोमट. आठ अंशांत रात्रभर उघड्यावर उभी असलेली गाडी, आणि कोमट. मी ते रूहीला हात लावून दाखवलं. हवावाल्याला दाखवलं. रजई स्वतः ऊब देत नाही, आतल्याची ऊब राखते, हे मी तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो. ते इंजिनालाही लागू आहे याचा मला अभिमान वाटला. फक्त ॲव्हरेज अकरावरच राहिलं. ते का, हे मला समजेना.

मग मी विचार केला की रात्री पांघरूण आणि दिवसा उघडं, यात काय अर्थ आहे. चालतानाच तर वारा जास्त लागतो. थंडीत ट्रकवाले जाळीपुढे पोतं बांधतात ते मी पाहिलेलं आहे. गेल्या गुरुवारी रजई नाड्यांनी आवळून, पदर जाळीवर ओढून, आम्ही आठ वाजता निघालो. मागच्या सीटवर अम्मी, त्यांच्या मांडीवर कुशाबाईंसाठी शीरखुर्म्याचा डबा. निघताना दात वाजत होते. एक गोष्ट मी विसरलो: आपल्याकडे थंडी आठ वाजेपर्यंत असते. नऊला स्वेटर निघतो आणि दुपारी बारक्या पोरालाही घाम येतो. सगळ्यांनी स्वेटर काढले. इंजिनाचा राहिला.

घोडेगावच्या अलीकडच्या चढावर काटा लाल झाला. मला वाटलं, गरम होतंय, आता अठरा येणार. पुढच्या वळणावर मरून सॅटिनखालून वाफ निघू लागली. मी गाडी बाजूला घेतली. सुभाष नावाचा मेकॅनिक कुणाच्या तरी मोटारसायकलवरून आला आणि रजईचा पदर दोन बोटांनी उचलून बघू लागला.

"हे काय हाय?"

मी सांगितलं.

"गाडी बाळंतीन हाय का?"

मी नाडीची गाठ सोडवू लागलो.

"लई गाड्या बघितल्या म्या. थंडीत ताप आलेली पयलीच." त्यानं नाड्या कापल्या आणि मग काचेतून अम्मींकडे पाहिलं. "मावशी, तुमचा ड्रायव्हर हाय का जावई?"

"जावई," अम्मी म्हणाल्या. "ड्रायव्हर असता तर बदलला असता."

इंजिन निवायला दोन तास. आम्ही शिनोलीला पोचलो तेव्हा शेंगा संपून कुशाबाई फोलपटं गोळा करत होत्या. दोघींना जेमतेम पाऊण तास मिळाला. निघताना अम्मींनी त्यांना सांगितलं की पोरगा गाडी परत न्यायचं म्हणतोय, गाडी फार पेट्रोल खाते. कुशाबाई म्हणाल्या, "मंग आता गं?" अम्मी डबा उचलून गाडीकडे निघाल्या. परतताना घोडेगाव गेल्यावर म्हणाल्या की तालिबचंही बरोबर आहे, फुकट कशाला जाळायचं.

मी हरलो आहे. थंडीला मी समजू शकलो नाही, गाडीला समजू शकलो नाही. इंजिनाला काही झालेलं नाही, सुभाषनं पाणी भरलं, होज बदलला, त्याचं त्याला पोचलं. रजई आता फक्त रात्री घालतो, सकाळी कोमट लागते, आणि आकडा अकरा. तुम्ही पंचवीस तारखेला या आणि गाडी घेऊन जा. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला आहे. दुसरी किल्ली अम्मींकडे आहे, ती तुम्हीच दिलीत.

तुमचा,
अन्सार

ता. क. — पत्र टपालात टाकायचं राहिलं, आज गुरुवार. बरं झालं. पहाटे मशिदीकडे निघालो आणि मफलर विसरला म्हणून मागं फिरलो. अंगणात गाडी चालू. रजई अंगावर, आत दिवा, आणि ड्रायव्हरच्या सीटवर अम्मी. चप्पल काढलेली, दोन्ही पाय हीटरच्या झोतापुढे, हातात तसबीहची माळ, काच बोटभर उघडी. चेहरा असा की मी थंडी पडल्यापासून पाहिला नव्हता. मी अंगणातल्या चिंचेच्या झाडाआडून माघारी गेलो. चहा न पिता परत आलो तेव्हा पाऊण तास झाला होता आणि गाडी अजून चालूच होती. म्हणजे दोन किलोमीटरचं पेट्रोल चाकं पितात आणि बाकीचं गुडघे.

ता. क. २ — रूहीला विचारलं. तिला डिसेंबरपासून माहीत आहे. मला का सांगितलं नाहीस, म्हटलं, तर म्हणाली, "तुमी कुठं विचारलंत? तुमी माप घेत व्हता." हीटर कसा लावायचा हे अम्मींना कुणी शिकवलं, तेही तिच्याकडून समजलं. दिवाळीच्या सुट्टीत अंगणात, किल्ली हातात देऊन, "अम्मी, गाडी तुझीच आहे, थंडी वाजली की बसत जा" असं म्हणणारा जो कोणी होता, त्याला माझा वेगळा सलाम.

ता. क. ३ — आता मुद्द्याचं. अम्मींना वाटतं, चाकं फिरली तरच पेट्रोल जळतं. आपल्यामुळे आकडा पडला हे कळलं तर त्या गाडीत पाय ठेवणार नाहीत. सकाळीही नाही आणि गुरुवारीही नाही. तुम्ही त्यांना ओळखता. म्हणून गाडी नेऊ नका, आणि त्यांना एक पत्र लिहा. माझ्या शब्दाला घरात वजन नाही, तुमच्या सहीला आहे. मजकूर मी करून देतो, फक्त तुमच्या अक्षरात उतरवा:

"अम्मी, कारखान्यात सगळ्या मोठ्या साहेबांना विचारलं. जुन्नरच्या थंडीत गाडी अकराच देते, त्याहून जास्त देऊच शकत नाही. गाडी तिथंच राहू दे. रोज सकाळी थोडा वेळ चालू ठेवणं इंजिनाला चांगलं असतं. अन्सारचा यात काही दोष नाही."

(शेवटचं वाक्य गाळलंत तरी चालेल. गाळू नका.)