बारा पिवळे बाण

सोमवार, ९ नोव्हेंबर

आले एकदाची! सामान म्हणजे एक ट्रंक, ब्रशची पिशवी आणि ही वही. उद्यानाच्या साहेबांनी खोली दाखवली. एक खाट, एक शेगडी, आणि खिडकीतून दिसणारा अख्खा डोंगर. तिसऱ्या गुहेकडून येणारी पायवाट माझ्या दारावरूनच फाटकाकडे जाते. काम सोपं आहे, पायवाटांवरचे आणि गुहांमधले दिशेचे बाण रंगवायचे. पंधरा वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्यात मी, बाण म्हणजे काय मोठंसं!

दादा म्हणाला होता, एकटी जाऊन काय दिवे लावणार आहेस, चार दिवसांत परत येशील. वहिनीने तर ठमीचे कपडे माझ्या ट्रंकेतून परत काढून ठेवले. आधी तुझं बस्तान बसू दे, मग ने लेकीला, म्हणाली. बसवतेच. ठमीला २० तारखेला सुट्टी लागते. त्याच दिवशी पाचच्या बसने ती इथे येणार, आणि आल्यावर माझ्यापाशीच राहणार. नऊ वर्षांची लेक मामाच्या दारात आश्रितासारखी वाढलेली मला चालणार नाही.

बुधवार, ११

पायवाटा संपल्या. पत्र्याचा साचा मीच कापला, त्यामुळे सगळे बाण एकसारखे, नीटनेटके. पहिल्या गुहेत मात्र फजिती झाली. माणसं जातात तिकडे, म्हणजे आतल्या दिशेने, बाण काढून बसले. तिकीटखिडकीवरचे काका पोट धरून हसले. गुहेत बाण नेहमी बाहेरची वाट दाखवतो, म्हणाले. आत काय, कुणीही हौसेने जातं. अडतं ते बाहेर येताना. पटलं मला. तारेच्या ब्रशने सगळे खरवडले आणि उलटे काढले. बोटांची सालं निघाली, पण आता जन्मात विसरणार नाही.

गुरुवार, १२

आज तिसरी गुहा. दोन वर्षं बंद होती, २१ तारखेला साहेबांना ती पुन्हा उघडायची आहे. एकूण बारा बाण. एक नंबर सगळ्यात आत, तिथे छत इतकं खाली येतं की गुडघ्यांवर बसून रंगवला. दहावा जाळीच्या दाराबाहेर, अकरावा नळाजवळच्या दगडावर, बारावा माझ्याच खोलीच्या भिंतीवर. कोपऱ्यात बारीक आकडे घातले. आत जुन्या बाणांच्या जागी नुसते ओरखडे आहेत. काका म्हणाले, आधीच्या पेंटरने स्वतः काढलेले बाण आठवडाभरात स्वतःच खरवडले आणि पगारही न घेता निघून गेला. असतो एखादा पळपुटा.

शनिवार, १४

आत ओल असल्यामुळे रंग अजून चिकट आहे. त्यात कुणीतरी हात घातलाय. एक आणि दोन नंबरचे बाण फिसकटले, आणि खाली गुडघ्याइतक्या उंचीवर दगडावर पिवळा पंजा उमटलाय. काकांवर मी बरंच तोंडसुख घेतलं, की दाराला कुलूप लावायला काय होतं? कुलूप लावलेलंच होतं. किल्ली त्यांच्या कमरेला.

दोन्ही बाण दुरुस्त केले. जाताना पंजा जवळून पाहिला. पाच बोटं आहेत, पण तळव्यावर एकही रेघ नाही.

सोमवार, १६

तीन, चार, पाच. ओळीने. पंजे आता कमरेच्या उंचीवर आहेत.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, माकडं असतील. माकड आकडे वाचत, क्रमाने बाण शिवत येतं का हो, असं मी तोंडावर विचारलं. ते फाइल चाळत बसले. काका बाहेर हळूच म्हणाले, आधीच्यानेही हेच सांगितलं होतं. मला त्यांचा राग आला. आधी सांगायला काय झालं होतं?

बुधवार, १८

सहा, सात, आठ. आठव्याशी पंजा माझ्या डोक्याच्या वर. टाचा उंचावल्या तरी माझा हात तिथे पोचत नाही. जे काही आहे ते आत रांगत होतं. बाहेर येता येता उभं राहायला लागलंय. आणि वाट दाखवली कुणी? मी. नंबर घालून.

मला भीती वाटते. लिहून टाकलं, आता बरं वाटतंय.

ठमीला पाठवू नकोस म्हणून सांगायला दादाला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आधीच तो हसला, म्हणाला, काय, भरले वाटतं चार दिवस? माझ्या तोंडून निघालं, पोरीला वेळेवर बसमध्ये बसव. फोन ठेवला आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. लगेच परत लावला, तो उचलत नाही.

गुरुवार, १९

सकाळी नऊ, दहा आणि अकरा. जाळीचं दार बंद, कुलूप जसंच्या तसं. उरला फक्त बारावा, माझ्या भिंतीवरचा.

आधी खरवडायला गेले. मग हात थांबला. बाण नसला तर ते आहे तिथेच राहील, नळापाशी, दारापासून वीस पावलांवर. आधीच्याने खरवडले तेव्हा ते आत खोल होतं, म्हणून तो सुटला.

मग अकरावा उलटा काढला, टोक गुहेकडे. बाराव्याचंही तसंच केलं. दुपारी बघते तर दहाव्यावर ताजा पंजा. म्हणजे परत फिरलं! ते बाणाचं ऐकतं. मग माझंही ऐकेल. मी काही कच्च्या गुरूची चेली नाही. दहापासून एकपर्यंत सगळे फिरवायचे, मागोमाग जात. जिथून आलं तिथे नेऊन सोडायचं.

शुक्रवार, २०. सकाळी दहा

दादा सकाळीही फोन उचलत नाही. काकांना बजावलं, पाचच्या बसने ठमी येईल, तिला खिडकीच्या आत बसवून ठेवा. मी स्वतः न्यायला आल्याशिवाय वर सोडायचं नाही. काका म्हणाले, जाऊ नकोस पोरी. म्हटलं, बाण मी काढले, मीच निस्तरणार. डबा, ब्रश, बॅटरी. वही खिशात.

सातव्याशी

दहा ते सात, चारही फिरवले. ते पुढे, मी मागे. दिसत नाही. दगडावर तळवा टेकल्याचा आवाज येतो, चपक — थांबतं — चपक. मी थांबले की तेही थांबतं.

चौथ्याशी

पंजे परत कमरेला आलेत. वाकलं बघ! हो, वाक. अजून वाक. माझ्या लेकीच्या वाटेत —

बाण वाकडा आला. चालेल.

पहिल्याशी

झाले. बाराही. गुडघ्यांवर बसून लिहितेय. शेवटचा पंजा जमिनीलगत, त्यापुढे नुसती फट. गेलं आत. जिंकले मी. दादा, ऐकलंस का, जिंकले! तीन वाजलेत, पाचच्या आत सहज —

ब्रश कुठे गेला? इथेच ठेवला होता, डब्यावर. डबा आहे. ब्रश —

पाठीवर काहीतरी गार. ओलं. फिरतंय. खालून वर एक सरळ रेघ.

शिकलं. मी बारा वेळा काढून दाखवला, आणि ते बघत —

आता टोक. एक तिरपी रेघ. दुसरी —

कळलं. मी बाहेर पडले की माझ्या पाठीवरचा बाण बाहेर पडणार. त्याच्यामागून ते. काकांच्या खिडकीपर्यंत. ठमीपर्यंत.

मग मी जाणारच नाही. डबा ओतून दिला, आता त्यालाही बाण काढायला रंग नाही. पाठ भिंतीला घट्ट टेकवलीय. आता बघ कुठला बाण बघतोस. बस माझ्यासमोर. मला घाई नाही.

बॅटरी मंद होतेय. पाच वाजले असतील. काका, तिला वर सोडू नका. तिला सांगा, आई कामात आहे. आईने काम अर्धवट टाकलं नाही, असं —

भिंत. माझ्या पाठीमागची भिंत हल —