घरच्या माणसांचे कार्ड

कराड,
रविवार, दुपार

प्रिय रुक्सार,

माझे बोलणे मध्येच तोडण्याचा हक्क मी आयुष्यात एकाच व्यक्तीला दिला, ती तू. म्हणून हा विषय फोनवर न काढता कागदावर काढतो आहे. इथे तरी मला माझे वाक्य पूर्ण करता येईल.

वादविवाद स्पर्धेच्या तयारीला तू माझ्याकडे यायचीस, तेव्हा तुझी बाजू मी चिठ्ठी टाकून ठरवत असे. एकदा तुला मुळीच न पटणारी बाजू आली आणि तू रुसून बडी अम्मीच्या पाठीमागे जाऊन बसलीस. जे खरे वाटत नाही ते मी बोलणार नाही, असा तुझा हट्ट. मी म्हणालो होतो, समोरच्याचे म्हणणे त्याच्याहून नीट मांडता येत नाही तोवर आपले मत हे मत नसते, नुसती आवड असते. मग डोळे पुसत तू ते भाषण तयार केलेस आणि ढाल घेऊन आलीस. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत म्हातारा झालो. पण इतकी चिडखोर आणि इतकी प्रामाणिक विद्यार्थिनी मला दुसरी मिळाली नाही.

आता मुद्द्यावर येतो. ज्या मालिकेच्या कपडेपटात तू काम करतेस, तिथे युनियनचे कार्ड घ्यायचे की नाही हे तुला येत्या शुक्रवारपर्यंत ठरवायचे आहे. हे मला कुणाकडून कळले ते शेवटी सांगतो. आपल्या रीतीप्रमाणे आधी विरुद्ध बाजू.

युनियनचे कार्यालय मुंबईत, आणि तुमचा सेट साताऱ्याबाहेर उसाच्या फडाला लागून. अडचण आली तर धावून कोण येणार? ही मालिका कधीतरी संपेल. कार्ड असलेल्या इथल्या मुलीला पुढचा निर्माता बोलावेलच असे नाही. शिवाय युनियन म्हणजे न्याय नव्हे. तिथेही माणसेच बसतात, आणि माणसे बसली की वशिला येऊन बसतो. सर्वांत जड मुद्दा हा की तुझ्या वडिलांची जनरेटरची गाडी त्याच सेटवर उभी असते. ती तिथून निघाली, तर अश्फाकला पुन्हा वरातींच्या मागे फिरावे लागेल, आणि वराती काही बारमाही नसतात. यातला एकही मुद्दा खोटा नाही. तो खोटा आहे असे म्हणून तू सुटू नकोस.

पण मागे मी तुमचे चित्रीकरण पाहायला आलो होतो, तेव्हाची एक गोष्ट मनातून जात नाही. पाहुणा दारात आला की किती वेळ बसणार, असे आपल्याकडे कुणी विचारत नाही. मुंबईची माणसे आली आणि सारे गाव एका दिवसात यजमान झाले. शालूबाईंनी पितळी हंडे काढून दिले, कुणी बैलजोडी आणून बांधली. तुमचा मॅनेजर यशराज तुम्हा सगळ्यांना 'घरची माणसे' म्हणतो. तुम्हाला त्याचे कौतुक वाटते. मला एवढेच दिसले की शिफ्ट संपल्यावर मुंबईची माणसे गाडीत बसून गेली आणि घरची माणसे मागे आवरत राहिली, कारण घरच्या माणसांना शिफ्ट नसते.

तू तर तुझ्या अम्मीची, आसियाची, निकाहातली ओढणी नायिकेच्या लग्नासाठी देऊन बसलीस. कुणीतरी ती तापलेल्या दिव्याजवळ टांगली, तिला भोक पडले, आणि तू मुकाट्याने घरी रफू करत बसलीस. तिथे सांगितलेस का, असे मी विचारले, तेव्हा तू म्हणालीस, "पाहुण्यांना काय सांगायचं, बडे अब्बा?" बेटा, तुझा युक्तिवाद निर्दोष होता. चुकले होते ते गृहीतक. ते पाहुणे नाहीत. तू तिथे कामाला जातेस.

शालूबाईंच्या मुलाला, शिवतेजला, हे पडल्यावर कळले. पत्र्यावर चढून दिवा बांधताना तो घसरला आणि मनगट मोडून इथल्या दवाखान्यात आला. तो आमच्याकडे कामाला नव्हता, हौसेने मदतीला आला होता, असे यशराजने सांगितले. आधी त्यांच्या कार्डवाल्या दिवेवाल्याला लागले होते, तेव्हा युनियनची दोन माणसे मुंबईहून येऊन दवाखान्यात बसली होती. मी शिवतेजला भेटायला गेलो, तर तो हसत म्हणाला, "सर, घरचा म्हणत व्हते तवर बरं व्हतं. पडलो आन् शेजारचा झालो." मी शिकवलेल्या साऱ्या तर्कशास्त्रात इतके नेमके वाक्य मला आठवत नाही. कार्ड तुला श्रीमंत करणार नाही, कदाचित वेळेवर मदतही आणणार नाही. पण ही मुलगी इथे कामाला आहे, एवढे ते सांगेल. आज ते सांगणारे कुणीच नाही.

आता हे पत्र का, ते सांगतो. अश्फाक आज एकटाच साताऱ्याहून आला. आसियाशिवाय तो माझ्याकडे कधी येत नाही. मुलीला समजवा, नाहीतर गाडी दुसरीकडून येईल, असे यशराजने त्याला सांगितले आहे. तो खुर्चीला न टेकता बसला आणि म्हणाला, "भाईजान, ती माझ्याशी बोलत न्हाई. तुमी लिहा, तुमचं ऐकंल." तुला अडवणारे पत्र त्याला हवे होते. त्याला लोभी समजू नकोस; तो घाबरला आहे, आणि त्याच्या भीतीची बाजू मी वर शक्य तितकी चांगली मांडली आहे. आत्ता तो बाहेर ओट्यावर बसून माझा बिघडलेला टेबलफॅन उघडतो आहे. हे पत्र त्याच्याच हाती देणार आहे, पण लिफाफा चिकटवणार नाही. आधी तू वाच, मग द्यायचे की फाडायचे ते तूच ठरव, असे त्याला सांगेन. यावरून एकच निष्कर्ष निघतो, रुक्सार. हे पत्र तुझ्या हातात असेल, तर तुझ्या अब्बांनी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचूनही तुला आणून दिले आहे. त्यांना आधी जवळ बसव. सही त्यानंतर कर.

तुझाच, आणि अश्फाकचाही,
बडे अब्बा