गच्चीवरच्या यंत्राचा वारस

मी, शशिकला कृष्णकांत आठल्ये, वय चौऱ्याहत्तर, राहणार पनवेल, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहीत आहे. डॉ. राजस यांनी माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला दिला आहे. त्यांनी चार प्रश्न विचारले, मी उलट पाच विचारले.

माझी नोकरी संशोधनाची होती. मंगळाकडे निघालेल्यांना वाटेत पाणी भरून घेता येत नाही, म्हणून घाम, श्वासातली वाफ आणि लघवी यांतूनच पुन्हा पिण्याचे पाणी कसे काढावे, हे शोधण्यात माझा जन्म गेला. निवृत्तीच्या बऱ्याच आधी तसे एक छोटे यंत्र मी घरच्या गच्चीवर उभारले. माझे पती कै. कृष्णकांत त्यातला पहिला पेला न कुरकुरता प्यायले. असा नवरा कोणालाही वारशाने देता येत नाही, याची खंत आहे.

घर व बँकेतील ठेवी मुलगा देवेश आणि मुलगी सई यांना समसमान मिळाव्यात.

उरणच्या माझ्या जाऊबाई आशालता यांना तांब्याचे पिंप द्यावे. यंत्र आल्यापासून त्या दर गणपतीला स्वतःची पाण्याची बाटली घेऊन येतात. राग नाही, नोंद असावी. पिंपात नळाचेच पाणी भरून द्यावे.

आता यंत्राविषयी. आधीच्या मृत्युपत्रात मी ते सईला दिले होते, कारण ती याच विषयात काम करते. देवेशला त्याचा तिटकारा होता. शाळेत मुले त्याला ‘मुतारी’ म्हणून चिडवत. त्याने कधी मित्र घरी आणले नाहीत, आणि त्या यंत्रातले पाणी तोंडाला लावले नाही. मीही कधी बळजबरी केली नाही.

गेल्या वर्षी माझे खुब्याचे हाड मोडले. सई परदेशी होती. यंत्रातल्या पाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंना रोजचा खुराक मिळाला नाही, तर ते आठवड्याभरात मरतात. मी दवाखान्यातूनच देवेशला सांगितले, बटण बंद कर, जिवाणू गेले तर जाऊ देत.

महिन्याने घरी आले, तर जिन्यातच पंपाची घरघर ऐकू आली. खुराक म्हणजे काय, हे लिहायला नको. मी घरी नव्हते, म्हणजे तो देवेशचाच होता. बंद का केले नाहीस, असे मी त्याला विचारले.

तो म्हणाला, “बंद करायलाच वर गेलो होतो. तुझ्या हातचं काहीतरी उपाशी मरतंय असं वाटलं. मग पाणी साठायला लागलं, ते ओतून द्यायचं जिवावर आलं. पहिल्या दिवशी डोळे मिटून प्यायलो, आई. नंतर उघडे ठेवून.”

मी कठडा धरून तिथेच पायरीवर बसले. सईला फोनवर सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “दादालाच दे.”

सबब, आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. यंत्र देवेशचे.

मी देहदानाचा अर्ज भरला आहे. वैद्यकीय महाविद्यालयाला वेळेवर कळवावे. वर्तमानपत्रात ‘अनंतात विलीन’ असे छापू नये. अनंतात जाणाऱ्यांची सोय मी पाहिली. मी स्वतः इथेच कोणाच्या तरी अभ्यासाला उपयोगी पडत असेन.

(सही) शशिकला कृष्णकांत आठल्ये

आमच्या समक्ष सही केली, सही करताना हसत होत्या :
१. डॉ. राजस वर्तक
२. काशीराम म्हात्रे, शेजारी

स्थळ : पनवेल
दिनांक : १२ जानेवारी २०२५